विश्लेषण : श्वासाचा खर्च विम्यात, सौंदर्याचा खिशातून? नाकाच्या ‘टू इन वन’ शस्त्रक्रियेत मेडिक्लेम किती मिळतो?

‘नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल,’ असे डॉक्टर सांगतात. रुग्ण विचारतो, ‘मग त्याच भुलीत नाकाचा बाकही सरळ करता येईल का?’ वैद्यकीयदृष्ट्या बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असते. विम्याचे उत्तर मात्र इतके सरळ नसते. पेण, रोह्यातून अशा शस्त्रक्रियेसाठी पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांना डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर धक्का बसू नये, यासाठी नियम आधीच समजून घेतलेले बरे.

नेमका प्रश्न काय?

नाकाच्या शस्त्रक्रियेमागे दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे श्वास मोकळा करणे. दुसरे म्हणजे नाकाचे रूप बदलणे. पहिले कारण आजाराचे आहे, म्हणून ते आरोग्य विम्याच्या कक्षेत येते. दुसरे हौसेचे असेल तर येत नाही. दोन्ही कामे एकाच टेबलावर, एकाच भुलीत झाली की बिलही एकच बनते. त्यातला कोणता रुपया श्वासाचा आणि कोणता रूपाचा, यावरून वाद सुरू होतो. हा वाद शस्त्रक्रियेनंतर मिटवणे कठीण असते, आधी टाळणे तुलनेने सोपे.

पडदा, हाड आणि आकार : कोणती शस्त्रक्रिया कशासाठी?

दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, आणि मागचा भाग हाडाचा. हा पडदा एका बाजूला झुकला की त्या बाजूने श्वास कोंडतो. आपल्याकडे ज्याला ‘हाड वाढलंय’ म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच वाकलेला पडदा असतो. तो सरळ करणे म्हणजे सेप्टोप्लास्टी. ही शस्त्रक्रिया नाकाच्या आतून होते आणि चेहरा सहसा बदलत नाही.

नाकाचा उंचवटा कमी करणे, शेंडा उचलणे, रुंद नाक बारीक करणे याला ऱ्हायनोप्लास्टी म्हणतात. दोन्ही एकत्र केल्या की ती सेप्टोऱ्हायनोप्लास्टी होते.

विम्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग या दोन्हींच्या सीमेवर असतो. काही रुग्णांत पडद्याचा वरचा किंवा पुढचा भागच इतका वाकडा असतो की बाहेरून नाक सरळ केल्याशिवाय आतला रस्ता मोकळा होत नाही. काहींच्या नाकाची बाजूची भिंत कमजोर असते. जोरात श्वास घेतला की ती आत ओढली जाते. अशा वेळी कूर्चेची पट्टी बसवून आधार द्यावा लागतो. हे काम दिसायला ऱ्हायनोप्लास्टीसारखे, पण त्याचा हेतू श्वासाचा असतो. असा दावा टिकेल की नाही, हे डॉक्टरांनी कागदावर काय लिहिले यावर ठरते.

नियम काय सांगतो?

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांचे शब्द सर्व कंपन्यांसाठी एकसारखे केले. त्यामुळे पॉलिसी कोणत्याही कंपनीची असली, तरी सौंदर्य शस्त्रक्रियेचे कलम जवळपास सारखेच असते. इंग्रजी पॉलिसीत ते ‘एक्सक्ल ०८’ या संकेतांकाखाली सापडते.

त्याचा आशय असा : रूप बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. रुग्णाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचाराचा भाग म्हणून केलेली शस्त्रक्रियाही अपवादात येते. पण ती वैद्यकीय गरज असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करायला हवे.

या कलमातून तीन गोष्टी निघतात.

१. फक्त पडदा सरळ करणे हे रूप बदलण्याचे काम नाही. त्यामुळे सेप्टोप्लास्टीला हे कलम लावण्याचे कारण नाही.

२. अपघातात मोडलेले नाक पुन्हा घडवणे हे ‘कॉस्मेटिक’ या शब्दाखाली ढकलता येत नाही. कलमातच त्याला जागा दिलेली आहे.

३. अपघात नाही, पण श्वासासाठी नाकाचा बाहेरचा सांगाडाही दुरुस्त करावा लागतो, हा खरा वादाचा पट्टा आहे. ‘थेट आणि तातडीचा धोका’ हे शब्द कडक आहेत. नाक बंद राहणे हा असा धोका आहे का, यावर कंपनी आणि रुग्ण यांचे मत वेगळे असू शकते. म्हणून इथे पूर्वमंजुरीशिवाय पुढे जाणे जोखमीचे आहे.

२०२० पासून सर्व कंपन्या विकत असलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत, आजार किंवा इजेमुळे आवश्यक झालेली प्लास्टिक शस्त्रक्रिया खर्चाच्या यादीत स्पष्टपणे दिलेली आहे. मात्र या पॉलिसीत मंजूर रकमेच्या ५ टक्के रुग्णाला स्वतः भरावे लागतात.

महामार्गावर अपघातात नाक मोडले तर?

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात मुंबई-गोवा महामार्गावरून रोज दुचाकीने कामावर जाणारे हजारो लोक आहेत. अपघातात तोंडावर पडले की पहिला मार नाकाला बसतो. अशा वेळी दोन घड्याळे सुरू होतात.

पहिले वैद्यकीय. प्रौढांत मोडलेले नाकाचे हाड साधारण दोन आठवड्यांच्या आत जागेवर बसवणे सोपे असते, मुलांत त्याहून लवकर. सूज उतरल्यावर, पण हाड जुळण्याआधी, हे काम व्हावे लागते. ती वेळ गेली की पुढे काही महिन्यांनी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

दुसरे घड्याळ कागदाचे. अपघाताच्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात केवळ टाके घालून घरी आल्यास, सहा महिन्यांनी ‘हे नाक अपघातातच वाकडे झाले’ हे सिद्ध करणे जड जाते. त्यामुळे पहिल्याच केसपेपरवर ‘नाकाला मार, नाकातून रक्तस्राव’ अशी नोंद, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन आणि पोलिसांकडील वैद्यकीय-कायदेशीर नोंद हे सर्व जपून ठेवावे. अपघातापूर्वीचे चेहऱ्याचे फोटोही उपयोगी पडतात. आधार कार्डावरचा फोटो पुरत नाही, बाजूने काढलेला हवा. लग्नाच्या अल्बममध्ये असा एखादा तरी सापडतो.

केंद्र सरकारच्या मे २०२५ मधील योजनेनुसार, रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत प्रत्येकी दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात. पहिल्या उपचारासाठी हा आधार आहे. काही महिन्यांनंतरच्या पुनर्रचनेला मात्र स्वतःचा मेडिक्लेमच लागतो. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उपचाराचा खर्च आणि चेहऱ्यावरील विद्रूपतेची भरपाई मागता येते.

पॉलिसी नवी असेल तर किती थांबावे लागते?

इथे अनेकांची गल्लत होते. आजार विम्यात बसतो, पण आज बसत नाही.

पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघात वगळता कोणताही दावा चालत नाही. त्यानंतर ठरावीक आजारांसाठी वेगळा प्रतीक्षा काळ असतो. नाक-कान-घशाचे साधे आजार, टॉन्सिल, सायनस हे बहुतेक पॉलिसींत याच यादीत असतात आणि कालावधी सहसा २४ महिन्यांचा असतो. पॉलिसी घेण्याआधीच पडदा वाकडा असल्याचे निदान झाले असेल, तर आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ लागतो. नियामकाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली. दोन्ही लागू होत असतील, तर जो जास्त तो धरला जातो.

अपघातातून आलेल्या दाव्याला ठरावीक आजारांचा प्रतीक्षा काळ लागत नाही. म्हणूनच वर सांगितलेला पहिला केसपेपर इतका महत्त्वाचा आहे.

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतील किंवा डोलवी, नागोठण्यातील कारखान्यांत कायम नोकरीत असलेल्यांना कंपनीचा ग्रुप विमा असू शकतो. अनेक ग्रुप पॉलिसींत प्रतीक्षा काळ माफ केलेला असतो. पण सौंदर्य शस्त्रक्रियेचे कलम त्यामुळे माफ होत नाही. एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागावी, ई-कार्डावर हे काहीच कळत नाही.

एकाच भुलीचे बिल कसे वाटायचे?

हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, पेणमधील २६ वर्षांच्या तरुणीच्या नाकाचा पडदा वाकडा आहे. सोबत नाकाचा उंचवटाही कमी करायचा आहे. शस्त्रक्रियेला तीन तास लागतात, त्यातला एक तास पडद्याचा. समजा बिल असे येते :

पडद्यासाठी सर्जनची फी : ४०,००० रुपये
आकारासाठी सर्जनची फी : ६०,००० रुपये
ऑपरेशन थिएटर आणि भूल : ६०,००० रुपये
खोली, औषधे, तपासण्या : २०,००० रुपये
एकूण : १,८०,००० रुपये

आता तीन शक्यता आहेत.

पहिली : कंपनी मान्य करते की पडद्यासाठी थिएटर, भूल आणि खोली लागलीच असती. ती फक्त आकाराची फी वगळते. मिळतात १,२०,००० रुपये, खिशातून जातात ६०,००० रुपये.

दुसरी : थिएटर आणि भुलीचा खर्च वेळेप्रमाणे वाटला जातो. तीनपैकी एका तासाचे, म्हणजे २०,००० रुपयेच मान्य होतात. मिळतात ८०,००० रुपये, खिशातून जातो १ लाख.

तिसरी : बिलावर नुसतेच ‘सेप्टोऱ्हायनोप्लास्टी पॅकेज – १,८०,०००’ असे लिहिलेले असते. कंपनीला श्वासाचा भाग वेगळा काढता येत नाही आणि पूर्ण दावा ‘कॉस्मेटिक’ म्हणून फेटाळला जातो. मिळते शून्य.

रुग्ण तोच, शस्त्रक्रिया तीच. फरक फक्त कागदाचा. सौंदर्य शस्त्रक्रियेच्या प्रमाणित कलमात अशा वाटणीचे कोणतेही सूत्र दिलेले नाही. त्यामुळे रुग्णालयाने दोन वेगळी अंदाजपत्रके देणे आणि कंपनीने कोणता भाग मान्य केला हे पूर्वमंजुरीच्या पत्रात लिहून देणे, हाच सुरक्षित मार्ग.

‘सगळे पडद्याच्या नावावर बसवू’ म्हटले तर?

असा सल्ला काउंटरवर मिळू शकतो. तो पैसे वाचवणारा वाटतो, पण महागात पडतो. शस्त्रक्रियेच्या नोंदीत हाड कापल्याचा, शेंड्याला टाके घातल्याचा उल्लेख असतो, डिस्चार्जनंतरच्या फोटोंत नाकावर बाहेरून प्लास्टर दिसते. साध्या सेप्टोप्लास्टीत हे सहसा नसते. टीपीएच्या डॉक्टरांना ही विसंगती सहज दिसते.

खोटा दावा सिद्ध झाला तर केवळ त्या बिलाचेच नव्हे, पॉलिसीचेही भवितव्य धोक्यात येते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर जुन्या आजाराची माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही, असे संरक्षण नियामकाने दिले आहे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्या संरक्षणातून वगळलेली आहे. नाकासाठी आई-वडिलांचाही समावेश असलेली फॅमिली पॉलिसी पणाला लावण्यात शहाणपण नाही.

कोणते कागद हवेत?

- नाकाच्या दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचा, म्हणजे एंडोस्कोपीचा अहवाल.
- नाक आणि सायनसचा सीटी स्कॅन. पडदा कोणत्या बाजूला आणि कितपत झुकला आहे, याचा उल्लेख त्यात असावा.
- औषधोपचाराची नोंद. नाकात मारायचा स्प्रे, ॲलर्जीच्या गोळ्या किती आठवडे घेतल्या आणि त्याने आराम का पडला नाही, हे केसपेपरवर हवे.
- डॉक्टरांचे पत्र. त्यात लक्षणे, निदान, शस्त्रक्रियेचा कोणता भाग श्वासासाठी आणि कोणता रूपासाठी, हे स्पष्ट असावे.
- बाहेरचा सांगाडाही श्वासासाठीच दुरुस्त करायचा असेल, तर ‘फक्त पडदा सरळ करून का भागणार नाही’ याचे कारण.
- दोन स्वतंत्र अंदाजपत्रके आणि नंतर दोन स्वतंत्र बिले.

औषधोपचाराच्या नोंदीला पेणमध्ये विशेष महत्त्व आहे. पेण, हमरापूर, जोहे परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत प्लास्टरची धूळ आणि रंगांचे कण रोजचेच. अशा धुळीने नाकाच्या आतले अस्तर सुजते आणि नाक चोंदते. ही ॲलर्जी असेल, तर पडदा सरळ करूनही त्रास पूर्ण जात नाही. आधी स्प्रेने फरक पडतो का हे पाहणे रुग्णाच्या हिताचे आहे आणि नंतर तोच विम्याचा पुरावाही ठरतो.

जीएसटीचा वेगळा मुद्दा

रुग्णालयातील उपचार सर्वसाधारणपणे जीएसटीमुक्त असतात. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक शस्त्रक्रियेला ही सूट नाही. मात्र जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यामुळे बिघडलेली शरीररचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठीची शस्त्रक्रिया करमुक्त आहे. म्हणजे एकत्र बिलात केवळ रूपाच्या भागावर कर लागायला हवा. संपूर्ण रकमेवर कर लावलेला दिसला तर विचारणा करावी. तसे बिल विमा कंपनीकडे गेले, तर रुग्णालयानेच सगळी शस्त्रक्रिया कॉस्मेटिक ठरवल्यासारखे होते.

सरकारी योजनेत काय मिळते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. केशरी, पिवळ्याबरोबरच पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही ती लागू आहे. इथे बिल वाटण्याचा प्रश्न येत नाही, कारण ठरलेल्या उपचारांची ठरलेली पॅकेजे असतात आणि निव्वळ सौंदर्य शस्त्रक्रिया त्यात नसते. आपल्या निदानासाठी पॅकेज आहे का, ते कोणत्या रुग्णालयात मिळेल, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या ज्या कामगारांना ईएसआय लागू आहे, त्यांनी आधी तिथल्या डॉक्टरांचे संदर्भपत्र घ्यावे.

पुण्याजवळचे ‘नवे नाक’

पुनर्रचना आणि सौंदर्य यातला फरक महाराष्ट्रात नवा नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभरानंतर पुण्याजवळ, विटा बनवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे वर्णन चित्रासह छापून आले. पुढे जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि ती युरोपात पोहोचली. कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीचे निवृत्तिवेतन मिळत होते, असेही त्या वृत्तात म्हटले आहे. इजेने गेलेले नाक परत मिळवणे आणि असलेले नाक आणखी देखणे करणे, ही रेषा आजच्या विमा कलमातही तशीच आहे.

दावा नाकारला तर पुढे काय?

दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारला, तर पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीखाली, हे कंपनीने लेखी कळवणे २०२४ च्या परिपत्रकानुसार बंधनकारक आहे. कंपनीच्या दावा आढावा समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळताही येत नाही. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असेही त्यात म्हटले आहे.

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. सोबत आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. रायगडसाठी कोणते कार्यालय, हे पॉलिसीच्या अखेरच्या पानांवरील यादीत दिलेले असते. याशिवाय अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तिथे मुदत दोन वर्षांची.

लोकपालांसमोरही शेवटी तेच कागद मांडावे लागतात, जे शस्त्रक्रियेआधी तयार व्हायला हवे होते. त्यामुळे तारीख घेण्यापूर्वी रुग्णालयाला तीन प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत : श्वासासाठीचा खर्च किती? रूपासाठीचा किती? आणि थिएटर व भुलीचा खर्च कोणत्या बिलात धरणार? ही उत्तरे जोडून नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावे. मंजुरीचे पत्र हाती आल्यावर, स्वतःला भरायची रक्कम झेपत असेल तरच दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र कराव्यात. झेपत नसेल, तर आधी श्वास मोकळा करून घ्यावा. मात्र पुढे आकारही बदलायचा विचार असेल, तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा. पडद्याची कूर्चा पुढच्या शस्त्रक्रियेत पट्टी म्हणून लागू शकते, त्यामुळे ती जपून वापरणे त्यांना शक्य होते.